खिरणीचा फुटवा

हरेश्वरकाकांशी हात मिळवलात, तर तो लगेच परत मिळेल अशी आशा धरू नका. ते हात दाबत नाहीत, हलवत नाहीत. नुसता उलटा करतात आणि करंगळी बघतात. ती सरळ असली तर "जा, सुटलास" म्हटल्यासारखा हात टाकून देतात. पण ती आतल्या बाजूला वाकलेली असली तर तुमचं काही खरं नाही. मग कानाची पाळी बघायची. ती गालाला चिकटलेली आहे की मोकळी लोंबते, हे पाहण्यासाठी काका खुशाल तुमच्या मानेशी वाकतात. त्यानंतर "जरा टोपी काढता?" म्हणजे डोक्यावर भोवरा एक आहे की दोन, ते बघता येतं. एवढं सगळं अनोळखी माणसाच्या बाबतीत भर रस्त्यात उरकल्यावर शेवटी एकच प्रश्न विचारतात, "नजर कशी हाय तुमची?"

हे फक्त पुरुषांच्या बाबतीत, बरं का. परक्या बाईच्या कानाकडे टक लावून बघणं त्यांना पटत नाही. "आणि मंदा घरात घेणार नाय," हे दुसरं कारण ते आवाज खाली आणून सांगतात. मंदा म्हणजे काकू. काकूंचा आवाज मात्र कधी खाली आलेला मी ऐकलेला नाही.

माझं डहाणू रोडला स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासण्याचं शिक्षण मी रीतसर घेतलंय, पण गावाच्या लेखी मी चष्मेवाली बाय. दर गुरुवारी वापीहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दुकानात येतात, आणि त्या दिवशी काका हटकून हजर असतात. घोलवडला त्यांची चिकूची वाडी आहे आणि कलमांची नर्सरी. तिथून स्कूटर काढायची, चिखले गावावरून रमतगमत यायचं, माझ्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बैठक मारायची आणि गिऱ्हाइकं न्याहाळायची, असा त्यांचा गुरुवार. त्यांना स्वतःला चष्मा नको असतो, डोळेही तपासायचे नसतात.

"तुझ्या दुकानासारखी जागा नाय, बाय," ते मला म्हणतात. "माणूस इथं टोपी काढतो, मान वर करतो आणि गप बसतो. देवळात पण एवढा गप बसत नाय."

सुरुवातीला मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो, तसा हा. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, काका कान जमवतात. पण त्यामागे एक पूर्ण सिद्धांत होता. तो सिद्धांत ते दोन गुजराती शब्दांत सांगायचे. कलमं न्यायला येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून ते शब्द त्यांनी उचलले होते.

"बधुं साथे, बाय. बधुं साथे!" म्हणजे सगळं एकत्र येतं.

काकांच्या मते माणसाचे गुण सुटे येत नाहीत, गाठोडं बांधून येतात. वाकडी करंगळी आली की चिकटलेली पाळी आलीच, मागोमाग दोन भोवरे, कानात केसांचं जंगल, आणि गाठोड्याच्या तळाशी काचबिंदू. काकांच्या वडिलांकडे हे अख्खं गाठोडं होतं. पन्नाशी उलटली आणि त्यांची नजर कडेकडेने मिटत गेली. शेवटी हातात काठी आणि डोळ्यांपुढे काळोख. मोठ्या भावाचं तेच झालं. आणि काकांची करंगळी कोयत्यासारखी वाकडी. पाळ्या चिकटलेल्या. भोवरे दोन. कानांविषयी मी बोलत नाही, काकू बोलतात.

"तुमच्या घरात आहे, म्हणजे सगळ्यांनीच तपासून घ्यायला हवं," हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं असेल की ते वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिलं असतं तर बरं झालं असतं. "लवकर कळलं तर थेंबांवर थांबतं, काका. तुमच्या वडिलांच्या वेळी कुणी बघितलंच नाही."

"माझं काय बघायचं? माझं ठरलेलं हाय. मी बाबांचं कलम."

"आणि परेश?"

परेश त्यांचा एकुलता एक मुलगा. तिशीतला आहे, चिकूचं पॅकिंग आणि गाड्या भरण्याचं काम बघतो. त्याचं नाव काढलं की काकांचा चेहरा उजळायचा. ते स्वतःचा हात पुढे करून करंगळी सरळ करून दाखवायचा प्रयत्न करायचे, ती काही व्हायची नाही.

"परेशची बघितलीस? पट्टीसारखी सरळ! पाळी मोकळी. भोवरा एक. केस बघ, मंदाचे. नाक मंदाचं, रागपण मंदाचा. तो मंदाचं कलम हाय. त्याला काय होत नाय."

इथे कलमाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर काकांचं डोकं कळणार नाही. चिकूचं झाड बियापासून केलं तर फळ कसं येईल याचा नेम नसतो. म्हणून खिरणीचं रोप घेतात आणि त्यावर चांगल्या चिकूची काडी बांधतात. खाली खिरणी, वर चिकू. वरच्या झाडाला पान, फळ, गोडी सगळं त्या काडीच्या आईचं येतं, जसंच्या तसं. खिरणीचं वर काही येत नाही. तिने जमीन धरून उभं राहायचं आणि पाणी वर पोचवायचं. काकांनी जन्मभर हेच केलं आणि बघितलं. त्यामुळे माणूसही असाच होतो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"परेशमध्ये मी खिरणी," ते अभिमानाने सांगायचे. "जोर माझा, बाकी सगळं तिचं."

मी शिकलेली, म्हणून मला राहवायचं नाही. "काका, माणूस कलम नाही. पत्ते पिसून वाटतात ना, तसं असतं. काही गुण जोडीने येतात, बरेचसे सुटे येतात. कुठला कुणाबरोबर आला ते करंगळी बघून कळत नाही."

"पत्ते खेळणाऱ्याला पत्ते दिसतात. मी कलमं बांधतो."

"बरं. मग खिरणीचं कधीच काही येत नाही?"

यावर ते जरा थांबायचे, कारण धंद्यात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "गाठीच्या खालून कवातरी फुटवा येतो खिरणीचा. तो दिसला की खुडायचा. लक्ष ठेवलं तर काय करतो तो?" आणि लगेच, "पण परेशला नाय तसं काय. करंगळी बघ ना त्याची."

हा सिद्धांत पक्का करायला त्यांना माणसं लागायची. वाकडी करंगळी आणि अधू नजर एकत्र सापडली की ते आतून सुखावायचे आणि वरून त्या माणसाचं सांत्वन करायचे. एकदा चिकूच्या गाडीबरोबर चारोटीला गेले असताना तिथल्या हॉटेलात एक ट्रक ड्रायव्हर चहा पीत होता. ग्लास धरलेल्या हाताची करंगळी वाकडी, पाळ्या चिकटलेल्या, पण डोक्याला फेटा. भोवरे दिसेनात. काकांनी समोरच्या बाकावर बसून थाळी मागवली. तो फेटा काढेना, म्हणून दुसरी थाळी मागवली. ड्रायव्हर बिचारा घाबरला. त्याला वाटलं, हा साध्या वेशातला पोलीस.

"साब, कागज सब क्लिअर है," तो म्हणाला.

"कागज नको," काका म्हणाले. "फेटा काढ."

त्यानंतर जे झालं असतं ते हॉटेलवाल्यामुळे टळलं. तो गल्ल्यावरून धावत आला आणि मध्ये उभा राहिला. "अरे भाई, अपना घोलवडवाला काका है. कान देखता है, दुसरा कुछ नहीं करता." काका म्हणतात, माणूस तसा चांगला होता, फक्त शास्त्राची आवड नव्हती.

स्वतःच्या आंधळेपणाची मात्र काकांनी अगदी व्यवस्थित तयारी चालवली होती. नर्सरीत ते डोळे मिटून कलमं बांधायला शिकत होते. काडी बोटांनी चाचपायची, काप अंदाजाने घ्यायचा, पट्टी गुंडाळायची. काकू ओट्यावरून बघायच्या आणि ओरडायच्या, "उघडे हायत तोवर उघडे ठेवा! बोट कापलं तर मी बांधणार नाय!" बोटं कापायचीही. पण हळूहळू हात बसला. मला एकदा त्यांनी डोळे मिटून बांधलेलं आणि उघडे ठेवून बांधलेलं, अशी दोन कलमं दाखवली आणि ओळख म्हणाले. मला ओळखता आलं नाही, याचा त्यांना इतका आनंद झाला की ती दोन्ही कलमं त्यांनी मला देऊन टाकली.

मला कधीकधी त्यांचा हेवा वाटायचा. येणाऱ्या संकटाशी इतका सलोखा केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वडिलांचं देणं आपल्यापाशी थांबतं, पुढे जात नाही, एवढ्यावर ते खूश होते.

मग एका गुरुवारी तलासरीकडच्या डोंगरातल्या गावातून एक आजोबा नातीला घेऊन आले. चष्मा नातीला हवा होता. आजोबा बाकावर टेकले, डोक्याचं फडकं काढून त्यांनी घाम पुसला, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर खळबळ झाली. करंगळी वाकडी. पाळ्या चिकटलेल्या. भोवरे दोन. कानांतले केस तर काकांच्याही वरताण.

काका माझ्या कानाशी आले. "बिचारा. कडेचं काय दिसत नसणार. बाईंना बघायला सांग."

आजोबा नको नको म्हणत होते. "मना काय नाय झालं. पोरीचं बघा." पण काकांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलंच. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, वेळ गेल्यावर मशीनमधून डोळ्याच्या मागची नस बघितली, दाब बघितला.

"यांना काही नाही," त्या म्हणाल्या. "वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत."

"मी अजून सुईत दोरा ओवतों," आजोबा म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी दुकानातून काहीतरी उचलून नेलंय. मग म्हणाले, "डोंगरातलं पाणी वेगळं. तिथला हिशेब इथं चालत नाय." आणि मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "आमच्याकडचं बघायचं तर माझे बघा. म्हणजे तुमची पण खात्री होईल."

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, ते असं झालं. काका खुर्चीत जाऊन बसले ते अगदी सत्काराला बसल्यासारखे. हनुवटी टेकवली, कपाळ टेकवलं. बाई बराच वेळ बघत होत्या. काका मध्येच म्हणाले, "सापडलं ना?"

"काका, नस छान आहे. दाबही बरोबर आहे. तुम्हाला काचबिंदू नाही."

मी चक्क टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या आजोबांना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी तेही हसले. मी चहा सांगायला निघाले होते.

"नीट बघा," काका म्हणाले.

"नीटच बघितलं."

"थोडा तरी असेल. सुरुवात असेल."

"सुरुवातही नाही."

"मशीनचं काय खरं असतं? परत बघा, बाई. माझ्यासाठी एकदा परत बघा."

बाईंनी परत बघितलं. तेच. काका खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला आणि करंगळीकडे बघत राहिले. थेंबांमुळे त्यांना ती नीट दिसतही नसणार. आंधळं व्हायचंय म्हणून वर्षानुवर्षं निवांत असलेला माणूस, डोळे शाबूत आहेत हे ऐकून घाबरला होता. मला ते कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर चहा सांगायचं राहून गेलं.

"म्हणजे हे आलं," ते करंगळी दाखवत म्हणाले, "आणि ते नाय आलं."

"हो, काका."

"दोन्ही सुटे."

"हो."

"मग परेश?"

बाईंनी थेंबांची बाटली आवरता आवरता पुन्हा टेबलावर ठेवली.

डोळ्यांत थेंब टाकलेल्या माणसाला काही तास धूसर दिसतं, स्कूटर चालवता येत नाही. म्हणून मी परेशला फोन केला. तो चारोटीला माल उतरवून परत निघालाच होता, टेम्पो घेऊन तसाच आला. वडिलांना बघून हसला. "काय पप्पा, निघाला का काचबिंदू एकदाचा?"

"नाय निघाला. तू बस खुर्चीत."

"मी? मला काय झालंय? मी तर आईचं कलम ना?"

"बस म्हणतो ना!"

काकांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. परेश मुकाट्याने बसला. थेंब टाकून झाले, वाट बघून झाली. बाईंनी उजवा डोळा बघितला, डावा बघितला, परत उजव्याकडे आल्या. काका माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. सगळ्या गावाचे कान वाचणाऱ्या माणसाला त्या वेळी समोरचं तोंड दिसत नव्हतं.

"बाय," त्यांनी हळूच विचारलं, "बाईंचा चेहरा कसा हाय?"

मी म्हटलं, "बघतायत अजून."

काचबिंदू होता. उजव्या डोळ्यात सुरुवात, डाव्यात जेमतेम. सरळ करंगळी, मोकळी पाळी, एक भोवरा, आईचं नाक, आईचे केस आणि काकांच्या वडिलांचे डोळे. बाईंनी परेशला समजावून सांगितलं की फार लवकर सापडलंय. वापीला आणखी एक तपासणी करू, थेंब रोज टाकायचे, जन्मभर, आणि ठरल्या वेळी दाखवायला यायचं. एवढं पाळलं तर नजर राहील. परेशने ते टेम्पोच्या टायरबद्दल सांगावं तसं ऐकून घेतलं. "थेंबच ना? टाकू." मग त्याने टेम्पोत स्कूटर चढवली. त्याला स्वतःलाही आता धूसर दिसत होतं, म्हणून आमच्या शेजारच्या दुकानदाराने टेम्पो चालवला. काका दोघांच्या मध्ये बसले. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी स्टूल रिकामं होतं. त्याच्या पुढच्याही. माझं दुकान इतकं कंटाळवाणं आहे हे मला तेव्हा कळलं. शेवटी परेशच्या वापीच्या तपासणीचे कागद द्यायच्या निमित्ताने मी एका रविवारी घोलवडला गेले. काकू ओट्यावर चिकू निवडत होत्या. त्यांनी हाताने नुसतं नर्सरीकडे दाखवलं. काकूंनी न बोलता काही सांगितलेलं हे मी प्रथमच पाहिलं.

काका कलमांच्या पिशव्यांच्या रांगेत उकिडवे बसले होते. एकेक कलम जवळ घ्यायचे, वाकून गाठीखाली बघायचे, कुठे हिरवं टोक दिसलं की खुडायचे.

मी शेजारी बसले. मला बोलायचं होतं, की यात तुमचा काही दोष नाही, पत्ते कुणी वाटले ते कुणालाच ठाऊक नसतं. मी "काका" एवढंच म्हटलं.

"फुटवा आला, बाय," ते वर न बघता म्हणाले. "खिरणीचा. माझा."

या माणसाने मुलात आपलं काहीही नसावं एवढीच इच्छा धरली होती. त्यासाठी स्वतःचे डोळे आधीच सोडून दिले होते. आणि डोळे शाबूत राहिले ते याचेच.

"तुम्हीच म्हणता ना, लक्ष ठेवलं तर तो काय करतो?" मी म्हटलं.

त्यांनी एक टोक खुडलं, बोटांत फिरवलं आणि टाकून दिलं. "ठेवणार ना. दुसरं काम काय मला?"

काका आता परत गुरुवारी येतात. हात मिळवतात आणि सोडून देतात. करंगळीकडे बघतही नाहीत. विचारायचं ते मात्र चुकत नाही. "तुझ्या बाबांची नजर कशी होती? काकाची? मामाची? तुझे दाखवलेस?" सरळ करंगळीवाल्यांनाही आता सुटका नाही. चारोटीचा हॉटेलवाला म्हणतो, कान होते तेच बरे होते. बाकी त्यांच्यामुळे माझ्या बाकावर माणसं वाढली आहेत, आणि त्यांतल्या काहींचं खरोखरच वेळेत सापडलं आहे. "बधुं साथे" मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

त्या रविवारी मी निघताना दिवे लागले होते. परेश पॅकिंगवरून आला, हातपाय धुतले आणि न सांगता ओट्यावर आडवा झाला. काकू म्हणाल्या, "बघ आता. मला टाकू देत नाय, त्याला स्वतःला टाकू देत नाय." काकांनी मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, बाटली उघडली. थेंब चुकू नये म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढून धरावी लागते आणि हात गालावर टेकवून स्थिर ठेवावा लागतो. काकांची ती वाकडी करंगळी परेशच्या गालाच्या हाडावर अशी नेमकी बसली, की ती त्याच कामासाठी वाकवून पाठवली असावी.

"हलू नको," काका म्हणाले.

तीस वर्षांचा परेश हलला नाही.